उजव्या कानाची आत्या

माझ्या भाच्याचं नाव मी ठेवायचं होतं. त्यात मागण्यासारखं काही नाही, आमच्यात तो आत्याचा हक्कच असतो. बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्र करते, आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. माझं दुर्गा हे नाव असंच यमुनाआत्याबाईंनी ठेवलं, म्हणजे आमच्या वडिलांच्या बहिणीनं. माझा धाकटा भाऊ मयुरेश, त्याचंही त्यांनीच. मयुरेशच्या बारशाला मी नऊ वर्षांची होते. आत्याबाईंच्या पाठीवर पडणारे धपाटे बघून मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी रुसून घुगऱ्यासुद्धा खाल्ल्या नाहीत. शेवटी आईनं समजूत घातली, की याला मूल होईल तेव्हा पाठ तुझी. ते मी पक्कं लक्षात ठेवलं.

पुढे मयुरेशच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. मी देवासच्या टेकडीवर देवीला नवस बोलले, इंदूरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर काढून दिला, त्याच्या बायकोला, स्वानंदीला, न दुखावता जेवढं विचारता येईल तेवढं विचारलं, आणि थोडं दुखावूनही विचारलं. मग दोघं उठून इथियोपियाला गेली. मयुरेश औषधशास्त्र शिकवतो. गोंदर म्हणून तिथं एक गाव आहे, तिथल्या विद्यापीठात त्याला नोकरी लागली. मी देवासच्या शाळेत भूगोल शिकवते. आमच्या पुस्तकात इथियोपिया एका ओळीत येतो, कॉफीचं मूळस्थान म्हणून. ती ओळ मी कित्येक वर्षं पोरांकडून घोकून घेतली. त्या देशात अल्माझ नावाची एक बाई राहते, हे पुस्तकात दिलेलं नाही.

आता भैयासाहेबांचं सांगायला हवं. भैयासाहेब म्हणजे आमचे वडील. नाव मानाजीराव, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ते धारला एकटे राहायचे आणि मी दर शनिवारी देवासहून त्यांच्याकडे जायची. शेवटी शेवटी त्यांना फक्त उजव्या कानानं ऐकू यायचं. मी त्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची आणि ते म्हणायचे, हळू बोल, मी बहिरा नाही.

ते ऑगस्टमध्ये गेले. गोंदरला तेव्हा गोळीबार सुरू होता, विमानं बंद, नेट बंद. मयुरेशचा फोन कसाबसा लागला. खरखरीतून त्याचा आवाज आला, "आक्का, निघायला रस्ताच नाहीये. तूच दे अग्नी."

मी दिला. आमच्या घराण्यात बाईनं अग्नी देण्याची ती पहिली वेळ, आणि लोक नंतर माझं कौतुकही करत होते. पण त्या दिवशी काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. अग्नी देणाऱ्याला रडायला सवड नसते. खांद्यावर मडकं घेऊन फिरायचं, गुरुजी सांगतील तिकडे तोंड करायचं. घरी आल्यावर माणसं मला विचारत होती, मंडप कुठं टाकायचा, तेराव्याला किती पानं धरायची. पुरुषांच्या पाठीवर पुरुष हात ठेवतात, बायकांना बायका कुशीत घेतात. मी त्या दिवशी दोन्हींत कुठंच बसले नाही. माझे यजमान खंडोजीराव भला माणूस, पण चार लोकांत बायकोच्या पाठीवर हात ठेवणं त्यांना जन्मात जमलं नसतं. आत्याबाई देवासला तापानं पडून होत्या. तेरा दिवस झाले, सगळे पांगले आणि मी शाळेत जाऊन सहामाहीचे पेपर काढायला बसले.

महिना उलटायच्या आत मयुरेशचा पुन्हा फोन आला. मुलगा झाला होता. स्वानंदीला दिवस गेलेले मला माहीत होते, तरी मी उडालेच. तेवढ्यात तो त्याच दमात म्हणाला की नाव कासा ठेवलंय, अल्माझनं ठेवलं. कोण अल्माझ, मी विचारलं. तर म्हणे घरमालकीण.

घरमालकिणीनं भाडं घ्यावं, नळ गळत असेल तर दुरुस्त करून द्यावा. माझ्या भाच्याचं बारसं उरकायचं तिचं काय काम? मी विचारलं, अरे, पण बारसं कुठं झालंय? तर म्हणे बारसं नाही झालं, पण पासपोर्टला नाव लागतं, तेच घातलं. बारशाआधी पासपोर्ट काढणारं आमच्या घराण्यातलं हे पहिलंच पोर. फोन ठेवला आणि मी रडले. वडिलांसाठी आलं नव्हतं ते पाणी एका नावासाठी आलं, आणि त्याचाही मला राग आला.

कारण नाव माझ्याकडे तयार होतं. आमच्या घरात एक पिढी सोडून मानाजी असतो. भैयासाहेबांचे आजोबा मानाजी, धारच्या संस्थानात पागेवर होते. मग भैयासाहेब. आता या मुलाची पाळी होती, आणि भैयासाहेब नुकतेच गेलेले. एवढं सरळ नाव सोडून तिसऱ्याच खंडातून नाव आणायची गरज काय, ते मला कळेना.

शत्रूची माहिती आधी काढावी म्हणतात. मी मोबाईलवर शोधलं. अम्हारिक भाषेत कासा म्हणजे भरपाई. घरात काही दुःख झालं, काही हरवलं, आणि त्यानंतर मूल आलं, तर मुलाला हे नाव देतात. मला तो विम्याच्या ऑफिसातला शब्द वाटला. पुढं लिहिलं होतं की एकोणिसाव्या शतकात तिथं दोन राजे होऊन गेले, दोघांचंही जन्मनाव कासा. ते वाचून मी जरा खचले, कारण राजांचं नाव म्हटल्यावर भांडायला जागा राहत नाही. पण त्याच्या पुढचं वाचलं आणि जीव भांड्यात पडला. गादीवर बसताना दोघांनीही ते नाव बाजूला ठेवून दुसरं घेतलं होतं.

मी लगेच मयुरेशला कळवलं की तुझ्या राजांनासुद्धा हे नाव नको झालं होतं. तो हसला. तिकडे माणसाची दोन दोन नावं असतात म्हणाला, एक देवळातलं, एक घरातलं, राजाला आणखी एक गादीवरचं. आणि आडनाव नसतं, मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, झालं. मी विचारलं, निदान चालतं तरी आहे का हे नाव आजकाल. त्यानं सांगितलं की रस्त्यात हाक मारली तर चार जण मागे वळतील, पण सगळे पन्नाशीच्या पुढचे. नव्या आया असली नावं ठेवत नाहीत, त्यांना बायबलमधली लागतात, नाहीतर टीव्हीवरची. म्हणजे आपला धोंडू, मी म्हटलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला धोंडू म्हणायचे, दगडाला कोण हात लावतो म्हणून. मयुरेश म्हणाला, "हाव आक्का, धोंडूच समज." त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही.

भरपाई कशाची, हे मी विचारलं नाही. बारा वर्षं वाट पाहिली त्याची, दुसरी कशाची असणार. आमच्यातल्या सगळ्यांनीच तसं धरून टाकलं.

एप्रिलमध्ये तिघं परत आली. तिकडचं विद्यापीठ कधी चालू, कधी बंद. मयुरेशनं पीथमपुरात औषधाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि धारच्या घरात बिऱ्हाड मांडलं. मी पहिल्याच रविवारी तूप, कुंची, गोधडी घेऊन गेले. पोरगं दारात स्वानंदीच्या कडेवर होतं. कान अगदी भैयासाहेबांचे, मोठ्या पाळीचे. मी हात पुढे केले तर त्यानं असा टाहो फोडला की शेजारची बाई बघायला आली. स्वानंदी त्याला घेऊन तिकडचं काहीतरी गुणगुणायला लागली आणि ते गप्प झालं. हे कुठलं, मी विचारलं. अल्माझनं शिकवलं.

मग दिवसभर तेच. मालिश अल्माझची. बाळंतपणात तिनं उकडीसारखं घट्ट पीठ शिजवून, मध्ये खळगा करून, त्यात तिखट लोणी ओतून खाऊ घातलं. पोराला ऊन दाखवायला तीच न्यायची. कॉफीचे दाणे भाजले की धूर आधी त्याच्याकडे वळवायची. मी बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू मात्र कुरियरवाल्यानं तिकडे डाक जात नाही म्हणून परत केले होते. ते आम्ही नवरा-बायकोनं संपवले. बाळंतीण आफ्रिकेत आणि बाळसं धरलं खंडोजीरावांनी.

त्या रात्री परत येताना इंदूरच्या बायपासवर मी खंडोजीरावांना म्हटलं की मला त्या बाईचा मत्सर वाटतो. त्यांनी गाडी चालवता चालवता विचार केला आणि म्हणाले, वाटू दे.

यमुनाआत्याबाईंनी बारशाचा दिवस धरला. बारशावाचून मूल राहिलंय हे त्यांना पटतच नव्हतं. नावाचं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, की पासपोर्टावर काहीही असो, मी कानात मानाजी सांगणार, आणि घरात तेच चालेल. आत्याबाई म्हणाल्या, "ठेव की. पण स्वानंदी हाक काय मारील? सासऱ्याचं नाव ती कसं घेणार?" मी म्हटलं, सोन्या म्हणेल, बाळ्या म्हणेल, तिचं ती बघेल. मग देवासच्या भांडीवाल्याकडे जाऊन चांदीची वाटी घेतली आणि तिच्यावर नाव घालून आणलं. चि. मानाजीस, आत्याकडून. भांड्यावर एकदा नाव पडलं की ते पुसता येत नाही, हे मला हवंच होतं. मयुरेशला यातलं काही सांगितलं नाही.

बारशाच्या दिवशी सकाळीच आम्ही धारला पोचलो, मी, खंडोजीराव आणि आत्याबाई. वाटी माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली. मयुरेश फुलं आणायला बाहेर गेला होता. स्वानंदी मोरीत पोराला न्हाऊ घालत होती आणि ओट्यावर तिचा फोन वाजत होता. माझे हात ओले आहेत आक्का, तुम्ही घ्या ना, ती आतून ओरडली. मी घेतला. पडद्यावर ती होती.

मनात मी जी अल्माझ उभी केली होती ती धिप्पाड, दागिन्यांनी मढलेली आणि सारखी हसणारी होती. ही बारकीशी होती, साधारण माझ्याच वयाची, डोक्यावरून पांढरी पातळ ओढणी, डोळ्यांना चष्मा. मागे खुर्च्या-टेबलं दिसत होती. घरी नेट धड चालत नाही म्हणून बारसं बघायला ती एका हॉटेलात येऊन बसली होती. तिनं मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "आक्का."

मी मान हलवली. काय बोलणार? माझं इंग्रजी बेताचं, तिचंही तसंच. मला वाटलं, आता बाळाचं विचारेल. तिनं हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "मानाजी."

ते नाव आमच्या घरात कित्येक वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. गुरुजींनी संकल्पात घेतलं तेवढंच. तिनं पुन्हा घेतलं, आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली की तुझ्या वडिलांसाठी आम्ही रडलो. पुढे बरंच बोलली, त्यातलं मला कळलं नाही. मी फोन तसाच मोरीच्या दाराशी नेला आणि स्वानंदीला म्हटलं की ही काय म्हणते ते मला सांग.

स्वानंदीनं पोराला पंच्यात गुंडाळलं आणि तिथंच पाटावर बसून सांगितलं. मयुरेशला फोनवर कळलं तेव्हा तो अंगणात खाली बसला. अल्माझ आली, तिनं त्याला काही विचारलं नाही, शेजारणींना बोलावून आणलं. तिकडे गल्लीचं एक मंडळ असतं, आपली भिशी असते तसं, पण मरणासाठी. कुणाकडे कुणी गेलं की मंडळाचा मंडप येतो, बाकं येतात, मोठी पातेली येतात. गेलेला माणूस कुठं का गेला असेना. तीन दिवस माणसं येऊन बसत होती. बाहेर गोळ्यांचे आवाज यायचे तरी येत होती. गेलेल्याचं नाव घेऊन रडायची त्यांची रीत आहे, म्हणून अल्माझनं नाव विचारलं. स्वानंदी सासऱ्यांचं नाव सांगेना, तेव्हा मयुरेशनं सांगितलं. मग अंगणभर बायका मानाजी, मानाजी म्हणून छाती बडवत होत्या. ज्यांनी धार कधी नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आणि मग काही दिवसांनी हा झाला," स्वानंदी म्हणाली. "अल्माझनं हातात घेतला अन् म्हणाली, कासा. भैयासाहेबांची भरपाई म्हणून. तुम्हाला ह्यांनी सांगितलं नाही काय आक्का?"

नव्हतं सांगितलं. आणि मी विचारलं नव्हतं.

इथं कुणालाही वाटेल की आता माझा राग गेला असेल. उलट झालं. इतके महिने मला एका नावाचा मत्सर होता, तो निदान आवाक्यातला होता. आता कळलं की नुसतं नावच नाही, माझ्या बापासाठीचं रडणंसुद्धा ती बाई घेऊन गेली होती. माझ्या वडिलांसाठी मंडप घातला होता, बायका होत्या, ऊर बडवणं होतं, आणि ते सगळं माझ्या भावाला मिळालं, जो इथं नव्हता. मी इथं होते, आणि मी पानं मोजत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन स्वानंदीच्या हातात दिला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

मयुरेश फुलं घेऊन आला तो सरळ मागे आला. स्वानंदीनं सांगितलं असणार. काय झालं आक्का, त्यानं विचारलं. मी ठरवलं होतं की शुभकार्य आहे, बोलायचं नाही. पण बोलले.

"तुझी भरपाई झाली, मयुरेश. वडील गेले, मुलगा आला. माझेपण वडीलच गेले ना रे. मला काय आलं?"

तो हातातल्या फुलांच्या पुड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू धारमध्ये आहेस, सगळे आपलेच लोक आहेत, तुला सांभाळून घेतलं असेल त्यांनी. मी विचारलंच नाही."

"अग्नी देणाऱ्याला कोण सांभाळतं?"

त्यानं पुडा खाली ठेवला. माझ्याकडे यायला एक पाऊल टाकलं, पण तेवढ्यात आतून आत्याबाईंची हाक आली की बायका जमल्या, मुहूर्त टळतोय. आम्ही दोघंही आत गेलो. भांडण अर्धंच राहिलं.

पाळणा ओटीवर टांगला होता. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून, काजळतीट लावून पाळण्यात ठेवलं, मग पोराला पाळण्याखालून एकीनं दिला, वरून दुसरीनं घेतला. आठ महिन्यांचं पोर ते, बाराव्या दिवसाच्या बाळासारखं गप्प कसं राहील. त्याला पाळण्यात निजवलं की ते उठून बसायचं आणि फुलं तोडून तोंडात घालायचं. बायका हसत होत्या. स्वानंदीनं फोन मयुरेशच्या हातात दिला होता आणि तो पाळण्याच्या पायथ्याशी उभा राहून अल्माझला सगळं दाखवत होता. ती ओढणीचं टोक तोंडावर धरून बघत होती.

आत्याबाई म्हणाल्या, ये गं दुर्गे.

मी वाकले. खरं सांगते, वाकेपर्यंत माझं ठरलेलं होतं. मानाजी आणि फक्त मानाजी. पर्समधली वाटी काढून मी आधीच उशाशी ठेवली होती, नाव वर करून. मयुरेशनं ती वाचली होती आणि तशीच राहू दिली होती. मी पोराचं डोकं हातात धरलं. उजवा कान पुढे आला, त्याच मोठ्या पाळीचा. कित्येक शनिवार मी ज्या कानाशी ओरडले तो कान. मी हळूच म्हटलं, "मानाजी." आणि कुर्र केलं. पोराला गुदगुल्या झाल्या, त्यानं माझे केस धरले.

बायकांनी हात उचलले. मी म्हटलं, थांबा.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. मन मोठं वगैरे काही झालं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एक बाई नेट मिळावं म्हणून हॉटेलात येऊन बसली आहे, आणि मला सोडलं तर माझ्या वडिलांचं नाव तोंडानं घेणारी तेवढी एकच आहे. स्वानंदी घेणार नाही. मयुरेश बापाचं नाव हाकेला कसा घेईल. म्हणजे मानाजी नाव ठेवायचं मी, आणि ते कुणीच हाक न मारता वाटीवर राहायचं.

मी मयुरेशकडे हात केला. "दे तो फोन. उजवा कान माझा झाला. डावा तिला देते. याच्यापुढे काही मिळणार नाही, सांग तिला."

मयुरेशनं ते कसं सांगितलं कोण जाणे. अल्माझ एकदम सावरून बसली, चष्मा नीट केला. मी फोन पोराच्या डाव्या कानाशी धरला. तिनं म्हटलं, "कासा." त्यानंतर तिच्या भाषेत आणखी काही म्हणाली, लांबलचक, त्यातला मानाजी तेवढा मला कळला. कुर्र कसं करायचं ते स्वानंदीनं तिला शिकवलं असणार, कारण तिनं तेही केलं, थोडं मांजरासारखं. पोरानं आवाज ओळखला. फोन दोन्ही हातांनी धरून चाटायला लागलं. ते बघून मला पुन्हा एक कळ आली, खोटं कशाला सांगू.

"झालं का?" आत्याबाई म्हणाल्या. "आता आत्याची पाठ."

"दुसऱ्या आत्याची पाठ कुठून आणायची?" कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या.

"तिचे पण मलाच घाला," मी म्हटलं.

मी पाळण्याच्या कडेला धरून वाकूनच राहिले. पहिला धपाटा आत्याबाईंचा. ऐंशी उलटल्या तरी हात कणखर. मग स्वानंदीचा, मग शेजारणींचे, एकामागून एक, मग पुन्हा पहिल्यापासून, कारण वाटा दोघींचा होता. नऊ वर्षांची असताना मला वाटलं होतं की यात मान असतो. हात असतात, हे तेव्हा कळलं नव्हतं. चौथ्या की पाचव्या धपाट्याला माझ्या छातीतून काहीतरी सुटलं आणि मी रडायला लागले. साधंसुधं नाही, मोठ्यानं, तोंड उघडून, पाळण्याचा दांडा घट्ट धरून. ऑगस्टपासून अडकलेलं सगळं. पोर आधी दचकलं, मग माझ्याकडे बघत बसलं.

फोनमधून अल्माझचा घाबरलेला आवाज येत होता. ती मयुरेशला विचारत होती की त्या सगळ्या मिळून तिला मारतायत का. मयुरेश तिला सांगायला लागला की नाही, ही आमची रीत आहे, आणि अर्ध्यातच थांबला. त्यानं फोन खंडोजीरावांच्या हातात दिला आणि माझ्यामागे येऊन उभा राहिला. पुरुषानं बारशात धपाटा घालायची पद्धत नाही. त्यानं घातला नाही, नुसता हात ठेवला.

आत्याबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं. कुणी काही समजावलं नाही, उगी म्हटलं नाही. शेवटचा धपाटा त्यांचा होता, आणि तो मारल्यावर त्यांनी हात माझ्या पाठीवरून उचलला नाही.